कस्तुराबाईचा गुडघा

कस्तुराबाईचा हात ज्याच्या अंगाला पहिल्यांदा लागला नाही असं पोर शेलूबाजारात शोधावंच लागलं असतं. बौद्धवाड्यातली तर सगळीच तिची. पण गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांच्या घरचीही तिचीच. ज्या घरांत तिला चुलीजवळ फिरकू देत नसत, त्याच घरांत बाळंतिणीच्या खोलीचं दार लागलं की आत फक्त तिचा हुकूम चालायचा. सासूबाईंना ती बाहेर घालवायची, नवऱ्याला अंगणाबाहेर, आणि फार कुंथणाऱ्या पोरीला एका शब्दात गप्प करायची. एवढी दांडगी बाई, पण आवाज कधी चढला नाही. तिचं सांगणं ठरलेलं असे. एक, घाई करायची नाही. कळ आली की थांबायचं, कळ ओसरली की पुढं सरकायचं. आणि दुसरं, बाळ हाती येईस्तोवर घरात पाळणा बांधायचा नाही, आणि बांधलेला असेल तर रिकामा हलवायचा नाही. हे दुसरं ती उंबरा ओलांडायच्या आधीच सांगायची.

तिचा नवरा नानाजी म्हणजे ह्याच्या अगदी उलट टोक. कारंज्याच्या जिनिंगमध्ये ते तेलवाले होते. हंगामात कापसातली सरकी सोडवणाऱ्या यंत्रांच्या रांगेत तेलाची चोचवाली कुपी घेऊन दिवसभर फिरायचं, जे कुरकुरेल त्याला पाजायचं. त्या खडखडाटात त्यांचा डावा कान कायमचा गेला आणि उजवा निम्मा उरला. त्यामुळे घरातली कानगोष्टसुद्धा ते अशी करायचे की पलीकडच्या आळीला कळावी. आणि घाई म्हणाल तर विचारू नका. एसटी थांबायच्या आत उतरणारे, भाकरी तव्यावरून उतरायच्या आत हात पुढे करणारे. कस्तुराबाई म्हणायची, ह्या माणसाला जन्माला घालताना सुईण कोण होती ते एकदा पाहायला पाहिजे होतं.

एकोणऐंशी सालच्या संक्रांतीनंतरची गोष्ट. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर दौलतसिंगच्या बायकोचं बाळंतपण उरकून कस्तुराबाई परत निघाली होती. दौलतसिंगने बैलगाडी जुंपतो म्हणून फार आग्रह केला. हिनं ऐकलं नाही. नाल्यातले दगड ओलांडताना पाय घसरला आणि सगळा भार उजव्या गुडघ्यावर आला. शेवटी त्याच गाडीतून कण्हत यावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याला. तिथं डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्याची वाटी फुटली आहे. ऑपरेशन करून त्यांनी तुकडे तारेनं बांधून टाकले.

डॉक्टर तरणेच होते, बोलायला मऊ. टाके काढायच्या दिवशी कस्तुराबाईनं त्यांना दुसरं काहीच विचारलं नाही. दुखेल किती, चालीन कधी, काही नाही. विचारलं ते एवढंच की, मले खाली बसता यील का? कारण चैत्रात पंचफुला बाळंत व्हायची होती. पंचफुला तिची एकुलती एक लेक, पहिलटकरीण, सातव्यात माहेरी येऊन राहिलेली. गावभरच्या लेकी सोडवल्या आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी खाटेवर काठीसारखा पाय ताठ करून बसायचं, हे तिच्या मनाला सोसतच नव्हतं. सुईणीचं काम खाली बसून करायचं. गुडघा वाकला तर ती सुईण, नाही तर नुसती म्हातारी.

डॉक्टर म्हणाले, ते आता तुमच्यावर आहे. पाय तसाच पडू दिला तर सांधा आखडेल आणि मग कुणाच्या बापाला वाकायचा नाही. ओढाताण केली तर तार सुटेल. तेव्हा रोज, सावकाश, पुन्हा पुन्हा, थोडा वाकवायचा आणि सरळ करायचा. स्वतः जोर लावायचा नाही, पाय सैल सोडायचा आणि दुसऱ्यानं हलवायचा. परदेशात म्हणे आता ह्याच्यासाठी यंत्र करून पाहताहेत. माणूस झोपलेला असतो आणि यंत्र त्याचा सांधा हळूहळू हलवत राहतं. आपल्याकडे ते कुठून येणार? दवाखान्यात त्यांनी खाटेच्या वरच्या दांडीला कप्पी लावून, मांडीखाली पट्टा घालून, दोरीनं गुडघा वर उचलून दाखवला. गुडघा उचलला की टाच आपोआप मागं सरकते आणि पाय वाकतो. दोरी सोडली की सरळ. आणि हो, चोळायचं नाही. अजिबात नाही. हे ऐकून नानाजींनी पिशवीतली तेलाची बाटली हळूच आणखी खोल ढकलली.

एवढ्या सगळ्या बोलण्यातून नानाजींच्या कानात नीट शिरला तो यंत्र हा एकच शब्द. उरलेल्या हंगामात ते पुन्हा जिनिंगवर गेलेच नाहीत. घरी पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी पंजाबराव पाटलांच्या गोठ्यात पडलेलं कडबा कापायचं जुनं यंत्र मागून आणलं. पाती काढून टाकली, आणि ते मोठं लोखंडी चाक ओसरीच्या खांबाशी बसवलं. चाकाच्या आरीला आसापासून बाहेरपर्यंत ओळीनं भोकं पाडली. दोरीचं एक टोक त्यातल्या एका भोकात खुंटी घालून अडकवायचं. दोरी वर आढ्याला टांगलेल्या कप्पीवरून जायची आणि दुसऱ्या टोकाला कस्तुराबाईच्या जुन्या लुगड्याची झोळी. चाक फिरलं की झोळी वर जाणार आणि खाली येणार. खुंटी आसाजवळ असली तर पाय इवलासा हलेल, जसजशी बाहेर न्याल तसतसा जास्त वाकेल. टाच सरकायला खाली गुळगुळीत पाट, त्याच्यावर पंचफुलाच्या डब्यातली पावडर. खरंच सांगायचं तर फार शहाणपणानं केलेलं काम होतं. सगळ्या सांध्यांना तेलही घालून झालं, अर्थात लोखंडाच्या.

आणि मग नानाजींनी घाई केली. कस्तुराबाईचा पाय झोळीत घालायच्या आधी, नीट चालतं का ते पाहायला, त्यांनी चाक फिरवलं. लुगड्याची झोळी आढ्याखाली वर गेली, खाली आली, जरा हिंदकळली, पुन्हा वर गेली. नेमकी त्याच वेळी शेजारची रुखमाबाई ताक घेऊन दारात आली. तिनं झोळी पाहिली, भिंतीला टेकून बसलेली सातव्या महिन्याची पंचफुला पाहिली, आणि ताकाचा गडवा तिथंच उंबऱ्यावर ठेवला.

"भाऊ, लेक पोटुशी हाय आन् तुमी घरात रिकामा पाळना हलवून राह्यले?"

नानाजींना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. पण त्यांनी कस्तुराबाईकडे पाहिलं, आणि चाकावरचा त्यांचा हात तिथंच थांबला. कस्तुराबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. दुसऱ्या कुणाला त्याचा अर्थ कळला नसता. त्या दोघांना कळला.

पंचफुलाच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता, धर्मांतराच्या आदल्या साली. नानाजी तेव्हा ऐन तरुण होते. दिवस भरायच्या कितीतरी आधी त्यांनी कारंज्याहून शिसवी दांड्याचा पाळणा डोक्यावर वाहून आणला, आढ्याला टांगला, आणि येता-जाता त्याला झोका द्यायचे. शेजारणींनी हटकलं तर हसायचे. मूल जन्मलं ते निपचित. रडलंच नाही. नानाजींनी पाळणा उतरवून कुणाला तरी देऊन टाकला आणि त्या दिवसापासून त्या विषयावर घरात चकार शब्द निघाला नाही. कस्तुराबाईनं नवऱ्याला कधी दोष दिला नाही, आणि नानाजींनी कधी विचारलं नाही. पुढच्याच साली सगळ्या वाड्यानं जुने देव अडाण नदीत सोडले. नानाजी त्यात सगळ्यांच्या पुढे. देव सुटले, पण ही एक भीती कुणाला नदीत टाकता आली नाही. तिला ना मूर्ती होती ना टाक.

त्या संध्याकाळी नानाजींनी लुगडं सोडलं, दोरी गुंडाळली, कप्पी काढून फळीवर ठेवली. चाक तेवढं जड म्हणून तिथंच राहिलं.

मग हातानं पाय हलवायची खटपट सुरू झाली. नानाजींचा हात यंत्रांवर घडलेला. त्यांनी गुडघ्याखाली हात घालून असा काही उचलला की कस्तुराबाईच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. गुडघा सुजला. मग ते इतके धास्तावले की नुसतं बोट लावायचे आणि विचारायचे, दुखलं का? पंचफुलाला वाकून वजन उचलता येईना. रुखमाबाई मनापासून सांगायची की गरम तेलानं चांगला रगडून काढा, आठवड्यात पळायला लागेल. कस्तुराबाई नको म्हणायची. असे दिवस जात राहिले आणि सूज उतरली तरी पाय वाकेना. एके दुपारी घरात कुणी नाही असं पाहून ती खाटेवरून खाली उतरली. लेकीच्या पुढ्यात जशी बसावी लागणार, तशी बसायला गेली. गुडघ्यानं साफ नकार दिला आणि ती बाजूला कलंडली. पंचफुला नळावरून आली तेव्हा आई जमिनीवर पडून रडत होती. दुखण्यानं नाही. पंचफुलानं आईला कधी रडताना पाहिलं नव्हतं. तिला काय करावं ते सुचेना, म्हणून ती तिच्याशेजारी अवघडून बसून राहिली.

नानाजी आले तेव्हा कस्तुराबाई पुन्हा खाटेवर होती. डोळे पुसलेले, पदर नीट. तिनं त्यांना लुगडं आणायला सांगितलं. झोळी बांधा म्हणाली.

नानाजींनी आयुष्यात तिच्या कुठल्या कामाला नाही म्हटलं नव्हतं. करायची सवय होती ती उलट, सांगायच्या आत करायची. पण ह्या वेळी ते जागचे हलले नाहीत. फळीकडे पाहत म्हणाले, "मी नाही बांधत. एकडाव बांधला तेवढा पुरे झाला."

तेव्हा कुठे कस्तुराबाईला उमगलं. तिला वाटायचं, हा माणूस विसरून गेला. पुरुषाचं काय, यंत्रांच्या खडखडाटात सगळं बुडून जात असेल. आणि हा इतकी वर्षं तो पाळणा डोक्यावर घेऊन हिंडत होता. कारंज्याहून आणला तेव्हा डोक्यावर घेतला तो खाली ठेवलाच नव्हता. तिला काहीतरी माहीत होतं, फार वर्षांपासून माहीत होतं, आणि तिनं ते ह्याला सांगितलं नव्हतं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, इतकंच.

ती हलक्या आवाजात बोलायला लागली. तिला ज्या म्हातारीनं हे काम शिकवलं, आणि तिचं ते पहिलं बाळंतपणही जिनं केलं होतं, तिचंच नाव घेतलं. नानाजी म्हणाले, काय? ती पुन्हा बोलली. ते पुन्हा म्हणाले, काय? इतकी वर्षं जी गोष्ट दोघांनी ओठांवर येऊ दिली नाही, ती आता ओरडून सांगायची वेळ आली होती. कस्तुराबाईनं त्यांना उजव्या बाजूला बसायला लावलं, त्यांच्या त्या उरलेल्या कानाशी तोंड नेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला.

"पाळन्यानं नाही गेलं ते लेकरू. नाळ गुंडाळली होती गळ्याले. म्हातारीच्या ध्यानात आलं तवा उशीर झालता. तिनंच मले सांगतलं मांगून. तुमचा काही गुन्हा नव्हता."

दारात पंचफुला उभी होती, तिनंही ऐकलं; पलीकडे रुखमाबाईच्या घरात भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे तिनंही ऐकलं असणार. नानाजींनी डोक्याचं पागोटं काढलं आणि तोंडावर धरलं. त्यांचे खांदे हलत होते. कस्तुराबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, बाळंतिणीच्या फिरवते तसाच, वरून खाली.

तोंड पुसून त्यांनी विचारलं की मग तू गावभर सांगत काहून हिंडतं, पाळना बांधू नका म्हणून?

"मले समजते. पोटाले समजत नाही," कस्तुराबाई म्हणाली. "बांधा तुमी. पण रिकामी हलवू नका. पाय आत असल तवाच चाक फिरवा. झालं का सोडून घडी घाला."

आणि तसंच ठरलं. दुसऱ्या कुठल्या घरात असं यंत्र असतं तर ते कायमचं टांगलेलं राहिलं असतं. ह्या घरात ते रोज नव्यानं बांधलं जाई. सकाळी नानाजी लुगडं आढ्याला बांधायचे, पाय आत ठेवायचे, मगच चाकाला हात लावायचे. झालं की गाठ सोडून, लुगड्याची घडी घालून फळीवर. दुपारी पुन्हा, दिवेलागणीच्या आधी पुन्हा. गाठी बांधण्या-सोडण्यातच त्यांची निम्मी घाई जिरून गेली. उरलेली कस्तुराबाईनं जिरवली. ती डोळे मिटून पडायची आणि फक्त दोन शब्द बोलायची, थांबा आणि चला. कळ आली की थांबा, ओसरली की चला. ज्या माणसानं जन्मभर पट्ट्यावर पळणारी यंत्रं पाहिली, तो आता आपल्या हातानं एक चाक इतकं सावकाश फिरवायला शिकला की त्याची कुरकुरसुद्धा यायची नाही. आणि आली तर कुपी जवळ होतीच.

सुरुवातीला पाय नुसता उसासा टाकल्याइतका हलायचा. मग खुंटी एक भोक बाहेर गेली. त्या दिवशी कस्तुराबाईला घाम फुटला आणि संध्याकाळपर्यंत ती नवऱ्याशी बोलली नाही. पण दोन दिवसांनी तेच भोक सोपं वाटायला लागलं. मग पुढचं. टाच पाटावरून मागं यायची, पावडरीत तिची वाट उमटायची आणि ती रोज थोडी लांब होत जायची. पंचफुला ती वाट पाहून हसायची आणि कुरबुरायची की माहा सगळा डबा मायच्या टाचेले गेला.

रुखमाबाई पहिले काही दिवस नुसती देखरेखीला यायची, झोळी रिकामी तर नाही ना ते बघायला. मग एकदा नानाजी बाहेर गेलेले असताना तिनं स्वतःच चाकाला हात घातला. तिचा वेग बरा होता, कारण ती फिरवता फिरवता गावच्या गोष्टी सांगायची. मात्र गोष्ट रंगात आली, कुणाची सून कुणाच्या घरी निघून गेली इथपर्यंत पोचली, की चाक जोरात जायचं आणि कस्तुराबाईला ओरडावं लागायचं की अवो बाई, त्या सुनेले जराशी हळू जाऊ द्या.

बहुतेक दुपारी मात्र चाकाशी पंचफुला असायची. पोट सांभाळत पिढ्यावर बसायची आणि एका हातानं फिरवायची. आईच्या तोंडाकडे पाहून तिला कळायला लागलं, कळ कधी येते, कशी चढते, आणि ती आली असताना अंग ताठ केलं तर कशी दुप्पट होते. पाहता पाहता तिचा श्वासही आईबरोबर चालायला लागला. कस्तुराबाईच्या ते ध्यानात आलं. शेकडो पोरींना ऐन वेळी जे पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, ते तिची लेक न सांगता शिकत होती.

चैत्र निम्मा सरला. कस्तुराबाई काठी घेऊन अंगणात फिरायची. पाटावर बसता यायचं, म्हणजे डावा पाय पुरता मोडून आणि उजवा बराचसा. उठताना खांबाला धरावं लागायचं. डॉक्टरांनी पाहून मान डोलावली होती, पण पूर्ण उकिडवं बसायला अजून अवकाश आहे म्हणाले होते. अवकाश काही पंचफुलाच्या हातात नव्हता. एका सकाळी भाकरी थापता थापता ती थांबली आणि आईकडे पाहून नुसतीच मान हलवली.

नानाजी बाहेर, रुखमाबाई आत मदतीला, पातेल्यात नाळ कापायचं पातं उकळायला टाकलेलं. कस्तुराबाई लेकीच्या पुढ्यात पाटावर बसली. गुडघ्यातून सणक निघाली ती थेट मस्तकात. ती थांबली, ओसरू दिली, आणि आणखी थोडी खाली गेली. पंचफुला ओरडली नाही. कळ आली की सैल पडायची, ओसरली की आईकडे पाहायची. कस्तुराबाई म्हणायची थांब, आणि मग म्हणायची चल. उन्हं अंगणाच्या मधोमध आली तेव्हा बाळाचं डोकं दिसलं. कस्तुराबाईनं बोट आत घातलं, मानेभोवती फिरवलं.

नाळ होती.

खाटेवर ताठ पायानं बसली असती तर तिथवर हात पोचलाच नसता. ती पुढं वाकली. गुडघा वाकला, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून जास्त वाकला. तिनं लेकीला सांगितलं, आता जोर लावू नको, अजिबात लावू नको. पंचफुलानं तोंड उघडं टाकलं, अंग सैल सोडलं, आणि दुपारच्या वेळी चाकाशी बसून घ्यायची तसा श्वास घेत राहिली. कस्तुराबाईनं दोन बोटांनी वेढा सैल केला आणि बाळाच्या डोक्यावरून काढून घेतला. मग म्हणाली, चल.

मुलगी झाली, आणि असं रडली की रुखमाबाई हसायलाच लागली.

बाहेर नानाजी ओसरीवर चाकाला धरून बसले होते. डावा कान नाही, उजवा निम्मा, आणि मधे बंद दार. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की फार वेळ झाला आणि घर गप्प आहे. एकदा असंच गप्प राहिलं होतं. दार उघडलं तरी त्यांनी मान वर केली नाही.

कस्तुराबाई नाळ कापून, बाळ पुसून, रुखमाबाईला पंचफुलाजवळ बसवून पाटावरून उठली होती. खांबाला न धरता उठली, हे नंतर तिच्या ध्यानात आलं. लंगडत ती नवऱ्याच्या उजव्या बाजूला गेली आणि रडणारं बाळ त्यांच्या कानाशी नेलं. अगदी टेकवलं.

नानाजींनी डोळे मिटले. बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले.

मग कस्तुराबाईनं त्याच कानात सांगितलं, "हिच्याही गळ्याले होती. काढली मी."

ती बाळाला घेऊन आत गेली. नानाजी उठले आणि सवयीनं फळीवरचं लुगडं काढलं. आढ्याकडे पाहिलं, हातातल्या लुगड्याकडे पाहिलं. बारशाला पाळणा बांधायला अजून वेळ होता. त्यांनी लुगड्याची घडी मोडली नाही. ती मांडीवर घेऊन ते दारापाशी बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला कसलीही घाई नव्हती.